गाळीव हवेचं वर्ष

"यापुढे तळपद्यांच्या घरात बाहेरची हवा अशीच घुसणार नाही. येईल ती गाळून येईल, आणि आपल्या परवानगीने येईल."

हे उद्गार शरदचंद्र तळपदे, म्हणजे अण्णा, यांनी गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये स्टुलावर उभं राहून काढले. छताजवळच्या नव्या जाळीला त्यांनी नुकतंच हळदकुंकू लावलं होतं. क्षण मोठा होता. त्यानंतर त्यांना स्टुलावरून उतरता येईना. तेव्हा सुनेने, जुईने, एक हात धरला, नातीने, ऋग्वेदाने, दुसरा धरला, आणि गाळीव हवेचे प्रवर्तक हळूहळू जमिनीवर आणण्यात आले.

यंत्राचं काम तसं सोपं होतं. बाहेरच्या भिंतीला दोन तोंडं. एकातून बाहेरची हवा ओढायची, गाळायची आणि छतातल्या नळांमधून खोल्याखोल्यांत सोडायची. दुसऱ्यातून घरातली शिळी हवा बाहेर फेकायची. मध्ये एक मोठा पांढरा डबा, जो मंद घुमत राहतो. बसवायला तीन लाख चाळीस हजार. यात भिंतींना भोकं पाडणं धरलेलं होतं. भोकांच्या कडेचा उडालेला रंग पुन्हा देणं धरलेलं नव्हतं.

ही कल्पना धाकट्या मुलाची, सिद्धांतची. तो परळला एकतिसाव्या मजल्यावर राहतो. तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत आणि याला तो सोय म्हणतो. शिवाजी पार्काजवळच्या या तीन मजली घराला खेटून टॉवरसाठी खोदकाम सुरू झालं, अण्णांच्या शिंका दिवसाला अकरावर गेल्या, तेव्हा सिद्धांतने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत जाहीर केलं की निम्मे पैसे मी देतो. उरलेले निम्मे थोरल्या गंधारने दिले. त्याला यंत्र नको होतं. पण धाकट्याने सगळ्यांदेखत निम्मे दिल्यावर थोरल्याला दुसरं काही करता येत नाही.

या यंत्राची एक अट होती. घरातल्या सगळ्या खिडक्या बंद हव्यात. सगळ्या झाल्या. एक राहिली, नलूआत्याची.

नलूआत्या ही अण्णांची धाकटी बहीण. वय त्र्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, जन्म याच घरात आणि याच खोलीत. इमारतीला लिफ्ट नाही. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी जिना बंद केला, तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. पण रोज सकाळी सव्वानऊला वरळी कोळीवाड्याची गजराबाय गल्लीत येऊन हाक मारते, आणि मग नलूआत्या खिडकीतून दोरीला बांधलेली कापडी थैली खाली सोडते. थैलीत पैसे खाली जातात, मासळी वर येते. मध्ये अर्धा तास घासाघीस, कोणाच्या घरी काय झालं, कोणाच्या सुनेने काय केलं. तिचं बाहेर जाणं म्हणजे एवढंच. गेल्या वर्षी या खिडकीचं 'नंतर बघू' झालं होतं.

आता ते नंतर आलं. वर्ष संपलं आणि कंपनीचं पत्र आलं. देखभालीचा वार्षिक करार बावीस हजार. फिल्टर वेगळे, जोडी साडेसात हजार, वर्षातून दोनदा. कर आणखी वेगळा. आणि खाली ठळक अक्षरांत, की एकही खिडकी उघडी आढळल्यास करार रद्द. रविवारी सकाळी कंपनीचा माणूस तपासणीला येणार होता. अण्णांनी सुताराशी बोलून ठेवलं होतं. नलूच्या खिडकीला कायमची काच. सोमवारी.

रविवारी आठ वाजता सगळे जमले. सिद्धांत परळहून आला तो येतानाच हातात पत्र घेऊन. जुईने पोहे केले. अण्णा आरामखुर्चीत, त्यांच्या मांडीवर शिंकांची वही. ही वही ते यंत्र बसवल्याच्या दिवसापासून लिहीत होते. पहिल्या आठवड्यात रोज अकरा, फेब्रुवारीपासून रोज चार. या वहीच्या आधारे त्यांनी पार्कातल्या कट्ट्यावर, सकाळच्या फेरीनंतर, एक छोटेखानी भाषणही केलं होतं. ते ऐकून कट्ट्यावरच्या दोघांनी कंपनीला तेच यंत्र बसवायला सांगितलं होतं. अण्णांचं आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी ऐकलं होतं, आणि तेही तीन लाख चाळीस हजारांपर्यंत.

जुईने पोह्यांवर खोबरं घालता घालता एवढंच सुचवलं, की फेब्रुवारीत शेजारच्या बिल्डरचं त्याच्या भागीदाराशी फाटलं आणि खोदकाम थांबलं, त्याचाही शिंकांशी काही संबंध असू शकेल. अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने लिंबू शोधायला आत जाणं पसंत केलं.

जुईचं मन तसं अजून ठरलेलं नव्हतं. यंत्र आल्यापासून खिडक्या बंद, त्यामुळे रोजची धूळ पुसणं निम्म्यावर आलं होतं, हे ती नाकारत नव्हती. पण नलूआत्याची खिडकी बंद झाली की मासळी बंद, म्हणजे ऑफिसातून सुटल्यावर दादरच्या बाजारात जाऊन पापलेटाचे गलफडे उघडून बघणं आपल्याकडे येणार, हे तिला शनिवारी रात्री भांडी लावताना अचानक उमगलं होतं. तेव्हापासून ती नलूआत्याच्या बाजूने सरकत होती. उघडपणे नाही. आत्याच्या पोह्यांवर खोबरं जरा जास्त, एवढंच.

गंधारचं म्हणणं वेगळंच होतं. तो म्हणाला की या डब्याच्या घुमण्याने मला झोप छान लागते. हवा शुद्ध होते की नाही हे मला सांगता येणार नाही, पण झोपेच्या मानाने बावीस हजार फार नाहीत. सिद्धांतने यावर विचारलं की मग पंखा का नाही लावत. थोडा वेळ दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, म्हणजे त्यांच्यात सगळं नेहमीसारखं होतं.

मग अकरावीतल्या ऋग्वेदाने आपलं छोटं मोजणीयंत्र टेबलावर ठेवलं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने आठवडाभर हवेतली धूळ मोजली होती.

"बाहेर एकशे बासष्ट," ती म्हणाली. "आत एकशे एकसष्ट."

अण्णांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे एक कमी झाला."

"आजोबा, साडेतीन लाखांत एक."

"कुठल्याही गोष्टीची सुरुवात एकापासूनच होते," अण्णा म्हणाले. मात्र सिद्धांतने हा मुद्दा उचलला. एवढाच फरक पडत असेल, तर कारण उघड आहे, तो म्हणाला. एवढ्या महागाची हवा आपण गाळतोय आणि आत्याच्या खिडकीतून फुकटची आत येतेय. काच उद्या नाही, आजच बसवायला हवी.

सगळ्यांनी नलूआत्याकडे पाहिलं. ती पोहे खात होती. तिने बशी खाली ठेवली, हात पुसला.

"काच बसवायची तर बसवा," ती म्हणाली. "पण मग सव्वानऊला मी कुठे बघायचं, तेवढं सांगा."

अण्णांनी वहीचं पान उलटलं. ते कोरं होतं, तरी ते त्यांनी बराच वेळ वाचलं.

साडेआठला बुद्धभूषण आला. कंपनीचा तंत्रज्ञ, वय असेल तिशीचं, खांद्याला बॅग, बोलणं मोजकं. गेल्या वर्षी यंत्र बसवायला दुसरीच माणसं आली होती. हा पहिल्यांदाच येत होता. त्याने बूट दाराबाहेर काढले आणि आत येऊन आधी छताकडे पाहिलं. मग तो बराच वेळ तसाच पाहत राहिला.

छताजवळच्या प्रत्येक जाळीवर क्रोशाचं कव्हर होतं. हॉलमध्ये मोर, गंधार-जुईच्या खोलीत द्राक्षांचे घड, अण्णांच्या खोलीत स्वस्तिक. ही नलूआत्याची कामगिरी. तळपद्यांकडे कुठलीही नवी वस्तू उघडी राहत नाही. अण्णांचे वडील अवधूतराव यांनी रेडिओ आणला, तेव्हा त्याच्या खोक्याचा पुठ्ठा वर्षभर काढला नव्हता. बातम्यांसाठी पुठ्ठ्याला एक चौकोनी भोक पाडलं होतं. घराण्याचा नियम असा, की वॉरंटी संपेपर्यंत वेष्टण काढायचं नाही. सोफ्याच्या प्लॅस्टिकला दोन मे महिने पाहुणे चिकटले. यंत्राच्या रिमोटवर अजून पिशवी होती आणि पिशवीला रबरबँड.

बुद्धभूषणने काहीच न बोलता डब्याचं झाकण काढलं आणि आतला फिल्टर बाहेर ओढला. तो पांढरा शुभ्र होता.

अण्णा खुर्चीतून उठले. त्यांनी फिल्टर जवळून पाहिला, चष्मा काढून पाहिला, मग चष्मा लावून पाहिला. "नवा दिसतोय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा भरून आला. गंधारने फोटो काढला. सिद्धांतने लगेच मुद्दा मांडला, की वर्षभर वापरून फिल्टर इतका स्वच्छ राहत असेल, तर साडेसात हजारांची जोडी दोनदा बदलायची काय गरज. अण्णांनी हा फोटो कट्ट्यावर दाखवायचं ठरवलं, आणि तसं बोलूनही दाखवलं.

बुद्धभूषण मात्र खूश दिसत नव्हता. "काका, मी वर्षाचे फिल्टर काढतो ते काळे असतात," तो म्हणाला. "इतका पांढरा मी दुकानात बघितलाय."

त्याने खिशातून टिश्यू पेपर काढला आणि स्टुलावर चढून मोराच्या कव्हरापुढे धरला. कागद सरळ खाली लोंबत राहिला. द्राक्षांपुढे धरला. लोंबत राहिला. स्वस्तिकापुढेही तेच.

"आत्याची कव्हरं," सिद्धांत म्हणाला. "वर्षभर आपण लोकरीतून हवा घेतोय."

"लोकर नाही, सुती आहे," नलूआत्या म्हणाली, पण तिचा चेहरा पडला होता. घरातली सगळी मतं एका झटक्यात एका बाजूला गेली. गंधार म्हणाला की हे मला आधीच वाटत होतं. अण्णा म्हणाले की नलू, तू विचारायचंस तरी. पोह्यांवर जास्त खोबरं घातलेल्या जुईनेसुद्धा खाली बघितलं. कव्हरंही तिचीच, खिडकीही तिचीच. आता काच बसणार यात शंकाच उरली नाही. नलूआत्याने स्वतः उठून, ऋग्वेदाला स्टुलावर चढवून, एकेक कव्हर उतरवून घेतलं आणि मांडीवर घडी घालत बसली. मोराची घडी तिने दोनदा घातली.

बुद्धभूषणने उघड्या जाळीपुढे पुन्हा कागद धरला. तो लोंबतच राहिला.

बुद्धभूषणने दुसऱ्या जाळीपुढे, म्हणजे शिळी हवा बाहेर ओढणाऱ्या जाळीपुढे कागद नेला. तो चटकन जाऊन चिकटला. "बाहेर फेकायचं काम मस्त चालू आहे," तो स्वतःशीच म्हणाला. मग तो कागद हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरू लागला आणि त्याच्यामागे सगळं घर, हातात बशा घेऊन. शेवटी तो नलूआत्याच्या खोलीत शिरला. खिडकीपासून चार हातांवर कागद त्याच्या बोटांत फडफडू लागला. खिडकीशी गेल्यावर तो सुटला आणि उडून थेट अण्णांच्या छातीवर बसला.

सव्वानऊ झाले होते.

"ताय गो," खालून हाक आली.

सवयीने नलूआत्याने थैलीची दोरी उचलली. मग तिला आठवलं आणि तिने दोरी हातातच धरून ठेवली. बुद्धभूषण बाजूला सरकला. ती खिडकीतून खाली वाकली.

आज बोंबील चांगले आहेत, गजराबाय सांगत होती, करंदी पण आहे. घेणार का? नलूआत्या म्हणाली की आज थांब जरा, घरात माणसं आहेत, यंत्रवाला आलाय. तेव्हा गजराबायने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि वर पाहून जे सांगितलं ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"यंत्रवाल्याला सांग गो, ती भिंतीवरच्या डब्याची पिशवी काढ आधी. वरीस झालं बांदून. कावला तिच्यावर बसतो नि माज्या पाटीत घान करतो."

बुद्धभूषणने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि उजवीकडे पाहिलं. मग डोकं आत घेऊन तो अगदी हळू म्हणाला, "पिशवी आहे."

बाहेरची हवा आत ओढणाऱ्या तोंडावर कारखान्यातून आलेली जाड प्लॅस्टिकची पिशवी सुतळीने घट्ट बांधलेली होती. त्याने तिथेच पलंगाच्या कडेला बसून सगळ्यांना समजावून सांगितलं. हवा बाहेर जात होती, आत येणारं तोंड बंद. मग घराला जिथून मिळेल तिथून हवा ओढावी लागली. "खिडक्या तर सगळ्या बंद," तो म्हणाला. "वर्षभर या घराने आजींच्या खिडकीतून श्वास घेतलाय. ही पण बंद असती, तर तुम्हाला दारं उघडायला जोर लावायला लागला असता."

इथून पुढची पाच मिनिटं तळपदे घराण्याच्या इतिहासात फारशी अभिमानाची नाहीत. सिद्धांतने गंधारला विचारलं, की त्या दिवशी घरी तूच होतास ना. गंधार म्हणाला, की मी भोकांपाशी होतो, पिशवीपाशी नव्हतो. जुईला आठवलं की बसवणारा माणूस हिंदीत काहीतरी काढायला सांगत होता. ऋग्वेदाला आठवलं की त्यावर कोणीतरी, रहने दो, हम निकालेगा, असं म्हणालं होतं. असं हिंदी घरात एकच माणूस बोलतो. सगळ्यांच्या माना हळूहळू अण्णांकडे वळल्या. अण्णांच्या छातीवर अजून टिश्यू पेपर होता.

"नलू," ते म्हणाले, "तुला खिडकीतून दिसत होती ना ती पिशवी? वर्षभर?"

"दिसत होती की," नलूआत्या म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, वॉरंटी संपायचीय."

तिच्या चेहऱ्यावर इतका निरागस भाव होता की त्यामागे काही होतं का, याबद्दल घरात आजही दोन मतं आहेत. वॉरंटी मंगळवारी संपली होती. घराण्याच्या नियमानुसार पिशवी पाच दिवस उशिरा निघत होती.

अण्णा पलंगावर बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे शिवाजी पार्काचा कट्टा होता. वही होती, भाषण होतं, आणि यंत्र सांगून बसलेले ते दोघे होते. ते म्हणाले की हे या खोलीबाहेर जाता कामा नये. यावर प्रथमच सगळ्यांचं एकमत झालं. सिद्धांत म्हणाला मी तर परळला सांगितलेलंच नाही, गंधारने फोटो पुसून टाकला, बुद्धभूषण म्हणाला मला अजून पाच घरं करायची आहेत, मी कुठे बोलत बसू.

तेवढ्यात खालून हाक आली, की ताय गो, निघाली का पिशवी.

सगळ्यांनी एकदम खिडकीकडे पाहिलं.

"गजराबाय रोज किती इमारतींत जाते, आत्या?" जुईने विचारलं. तिने आवाज अगदी साधा ठेवला होता, पण आता ती पूर्ण सरकली होती.

"बारा," नलूआत्या म्हणाली. "कट्ट्यावरच्या त्या दोघांकडे पण तीच देते. बोलकी आहे बाई."

"मग तिला सांग ना काहीतरी," अण्णा म्हणाले.

"सांगते की. माझं ऐकते ती." नलूआत्याने दोरीचा पीळ सोडवायला घेतला. "एकदा सांगून भागायचं नाही पण. रोज थोडं थोडं सांगावं लागेल. खिडकीतून."

अण्णांनी बहिणीकडे पाहिलं. ते दोघं लहान असताना याच खिडकीत कोणी बसायचं यावरून भांडत, आणि तेव्हाही बहुतेक तीच बसायची, हे त्यांना आता का आठवावं कळेना. करारात लिहिलंय की एकही खिडकी नको, असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं, पण बुद्धभूषणकडे पाहत. बुद्धभूषणने फॉर्म काढला. एक रकाना असतो, तो म्हणाला, सकाळी वापरासाठी एक खिडकी उघडी, तेवढ्यापुरतं मशीन बंद ठेवायचं. ग्राहकाने सही केली तर चालतं. मग तो थोडं थांबून म्हणाला, की आम्ही गेल्या वर्षी बीडीडी चाळीतून नव्या टॉवरमध्ये गेलो. आईने पहिल्या दिवशी खिडकी उघडली, ती अजून लावू देत नाही.

अण्णांनी सही केली. नेहमीपेक्षा जरा लहान. "सुताराला फोन करून नाही म्हणून सांग," ते गंधारला म्हणाले. "आणि नलू, तू तिला सांग. जे काय सांगायचं ते."

नलूआत्याने थैली खाली सोडली. बोंबलांचे पैसे त्यात होते. "गजरा, डझनभर दे," ती खाली वाकून म्हणाली, "आणि त्या डब्याकडे बघत नको बसूस, माझ्याकडे बघ." अण्णांनी छातीवरचा टिश्यू पेपर काढून वहीत ठेवला आणि वही मिटली. आज वहीत आकडा लिहायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मग ते दोनदा शिंकले.

बुद्धभूषणने बॅगेतून कटर काढला, खिडकीतून एक हात बाहेर काढला आणि भिंतीवरच्या पिशवीकडे नेला. थैली वर येत होती, दोरी करकरत होती, खोलीत मासळीचा वास आणि सकाळची हवा दोन्ही एकदम शिरत होते. एक वर्ष, तीन लाख चाळीस हजार आणि घराण्याची अब्रू त्या सुतळीच्या गाठीला बांधलेली होती. अण्णा घाईने पलंगावरून उठले आणि त्यांनी बुद्धभूषणच्या दंडाला हात लावला.

"कापू नका हो," ते म्हणाले. "गाठ सुटते का बघा. पिशवी चांगली आहे."